शिरोरेषेखालची दुसरी रेघ

प्रूफ नाणे म्हणजे टांकसाळीत संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेले नाणे: अक्षरे दुधी आणि त्यांच्यामागचा सपाट भाग आरशासारखा लख्ख. फणसवाडीतल्या माझ्या शाळासोबत्याकडे असे एक होते. त्याच्या मते त्यावरच्या ‘भारत’ची शिरोरेषा दुहेरी होती. साचा घडवताना ठसा दोनदा उमटला, तर अशी अक्षरे निघतात. संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. त्याच्या मोबाइलवरच्या फोटोत रेषेखाली दुसरी बारीक रेघ खरोखरच होती. नीट फोटो काढायला त्याने ते नाणे माझ्याकडे दादरला ठेवले.

मी कॅमेरा स्टँडवर बसवला, बरोबर वरून रोखला. एकाही फोटोत रेघ आली नाही. खऱ्या दुहेरी ठशात अक्षराच्या टोकाला खाच पडते, दुसऱ्या रेघेला स्वतःचा उंचवटा असतो. भिंगाखाली तसे काहीच दिसेना.

नाणे आणि फोटो परत दिले, तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, हे नाणं माझं नाही.”

माझ्याकडेही त्याच वर्षाचे, तसेच नाणे आहे, हे त्याला ठाऊक होते.

“म्हणजे मी बदललं?”

“तसं कुठे म्हटलं? टेबलावर चुकून होते अदलाबदल.”

त्यातला ‘चुकून’ त्याने फारच सावकाश उच्चारला. वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, शाळेत तुमच्या डब्यातली वडी खाल्ली असेल त्यांनी. नाणं कशाला खातील?”

“तू मधे पडू नकोस.”

परतताना वाटले, यानेच मला दुसरे नाणे दिले नसेल ना? मग आठवले, माझ्या टेबलावर दोन्ही डब्या एकाच वेळी उघड्या होत्या. आता माझाच मला भरवसा वाटेना.

रविवारी मी माझे नाणे आणि भिंग घेऊन गेलो. त्याच्या खिडकीपाशी कापडावर दोन्ही ठेवली.

“तुझ्याच मोबाइलने काढ. आधी धरला होतास तसाच धर.”

त्याने तो छातीशी, तिरका धरला. रेघ आली.

“बघ! आहे की नाही?”

“आता शेजारचं काढ.”

त्यावरही आली.

“दोन्हीवर?”

“आता वरून, सरळ.”

दोन्हींवरची रेघ गेली. उठावदार अक्षराची कड खालच्या आरशात पडते. तिरके पाहिले की ते प्रतिबिंब दुसऱ्या रेघेसारखे भासते. “ठशातली रेघ मान वळवली म्हणून पुसली जात नाही,” मी म्हणालो. “मग बदलून मला काय मिळालं असतं?”

त्याने चष्मा काढून पुसला. “बदललं असतंस तर बरं झालं असतं रे. निदान ते दुहेरी नाणं कुठेतरी असतं.”

मी हसलो. तोही हसला आणि आपले नाणे डबीत ठेवायला वाकला. कापडावर दोन नाणी शेजारी शेजारी होती, अगदी एकसारखी. त्याचा हात मधेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. आणि भिंगासाठी आम्ही दोघांनी एकदमच हात पुढे केला.