पाल्याची पिशवी

सावलीत वाळणाऱ्या पाल्याचा वास आला की वडवणीजवळच्या आमच्या घराची ओसरी आठवते. नव्या जोडधंद्यांचं वारं तेव्हा गावात शिरलं होतं आणि वडिलांनी सशांचे पिंजरे आणले होते. पेंड परवडत नव्हती, म्हणून माहेरी परतलेली माझी आत्या बांधावरच्या सुबाभळीचा पाला ओरबाडून आणायची, पोत्यावर वाळवून कुटायची आणि कोंड्यात बेतानं मिसळून पिलांना चारायची. पिलं बघता बघता भरली. गळ्यात लिंग बांधणारं आमचं लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. शहरातली माणसं ससे हौसेनं पाळतात, असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. बीडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. ससा उचलून म्हणाला, "लई वजन धरलंय अक्का, काय चारता?" आत्या फुलून गेली. सासरी निघालेल्या पोरीला शिदोरी द्यावी तशी तिनं कुटलेल्या पाल्याची पिशवी त्याच्या हाती दिली. "नव्या जागी खायाची न्हाईत, दादा. चार दिस हेच घाला, मंग सवय व्हईल." त्यानं वडिलांकडं पाहिलं. वडील टेम्पोच्या चाकाकडं बघत राहिले. पुढच्या खेपेला त्यानं ती पिशवी ओसरीतल्या खुंटीला अडकवली. आत्यानं हात लावून पाहिलं. तिनंच मारलेली गाठ तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या पिलांना तिनं नुसतं वाळकं गवत घातलं. वजन भरेना, व्यापारी पिलं उचलेना म्हणून वडील चिडायचे, ती ऐकून घ्यायची. आज तिच्या वयाला पोचल्यावर वाटतं, पिलांना अर्धपोटी ठेवण्याएवढीच माया त्या घरात तिच्या हाती उरली होती.