कौसाबाईंचा रविवारचा वर्ग

कौसाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी दारातल्या कुंडीत बोट खुपसायच्या. मधलं बोट, दोन पेरं आत. माझ्या दारात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. मोगऱ्याच्या कुंडीतून बोट काढून त्यांनी पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "सर, ह्याला तहान न्हाई. कावून पाजताय रोज? मुळ्या कुजल्यात ह्याच्या."

"मी तर रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालतो," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. तुमी नेमानं मारलंय त्याला."

त्या मोगऱ्यासाठी आल्या नव्हत्या. आष्टीत नगर रोडच्या बाजूला आमची कॉलनी आहे. मी शाळेत शिक्षक आणि कॉलनीच्या समितीचा सचिव. कॉलनीच्या मधोमध ओपन स्पेस होती, म्हणजे नकाशात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तिथं वेडी बाभूळ, घरांच्या बांधकामातून उरलेला राडारोडा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. ती जागा साफ करून झाडं लावायची परवानगी कौसाबाईंना हवी होती. त्या आमच्या कॉलनीत राहत नव्हत्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीत लेकीजवळ राहायच्या. मला नवल वाटलं. आमच्यातल्या कुणालाही त्या जागेचं काही पडलेलं नव्हतं आणि ही साठीची बाई दुसऱ्यांच्या कचऱ्यासाठी परवानगी मागत होती.

"तुम्हाला कशाला हवा हा उद्योग?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. उभी हयात त्यांनी सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर काढली होती. माती चाळायची, काळ्या पिशव्या भरायच्या, बी टाकायचं, रोप वीतभर झालं की ट्रकमध्ये चढवायचं. "किती ट्रक भरून दिले मोजलं न्हाई. कुठं गेले, कुणी लावले, काय बी म्हाईत न्हाई. सर, म्या हातानं वाढवल्यालं एकबी झाड डोक्याएवढं झाल्यालं बगितलं न्हाई. एकांदं तरी बगावं वाटतंय."

परवानगी द्यायला माझं काही जात नव्हतं. मी दिली.

पहिले कितीतरी दिवस त्या एकट्याच खपल्या. मग मला लाज वाटली आणि एका रविवारी मी खाली उतरलो. त्यानंतर मेडिकलवाले शिंदे आले, तहसीलमधून निवृत्त झालेले कुलकर्णी आणि त्यांच्या पत्नी आल्या. शिंद्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रविवारी बागकाम कार्यशाळा' असं टाकलं आणि तेच नाव पडलं. कौसाबाईंना तो शब्द आवडायचा नाही. "कसली शाळा? हात मळवायचं काम हाय हे," म्हणायच्या. पण शिकवायच्या मात्र अगदी शाळेसारखंच. पहिला महिनाभर कुणालाही झाड लावू दिलं नाही. नुसत्या पिशव्या भरायच्या, माती, वाळू आणि शेणखत. पिशवी सैल भरली की उपडी करून परत भरायला लावायच्या. कुलकर्णींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद परत पाठवले होते. त्यांच्या पिशव्या लागोपाठ तीनदा परत आल्या तेव्हा त्यांची बायको खाली बसून हसली.

शिंदे एकदा मोबाइल पुढे करून म्हणाले, "मावशी, गुगलवर सांगतात, रोपाला दिवसातून दोनदा पाणी द्या."

"गुगलला आष्टीचा उन्हाळा म्हाईत हाय का?" कौसाबाईंनी विचारलं. "टँकर कवा येतो ते तरी म्हाईत हाय का त्याला?"

पाण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. कुंभाराकडून त्या तडकलेली, खपत नसलेली मडकी मागून आणायच्या. बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यात चिंधीची वात घालायची आणि मडकं रोपाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरायचं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बायकांनी बादलीत साठवायचं आणि सकाळी मडक्यात ओतायचं. वरून तुरीचं भुसकाट पसरायचं. दिवाळी झाली की त्यांची निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून जायची, लेक-जावईही जायचे. कौसाबाई मागं राहायच्या आणि मडकी भरायच्या. एका उन्हाळ्यात नळाला वीस-वीस दिवस पाणी नव्हतं, तरी दक्षिणेच्या अंगाला लावलेली करंज, लिंब आणि बहाव्याची झाडं जगली. चौथ्या वर्षी करंज त्यांच्या डोक्याच्या वर गेला. त्या दिवशी त्या सावलीत येऊन बसल्या, आपला डबा उघडला आणि जेवल्या. मग पाठ करंजाला टेकवून झोपल्या. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

भेटल्यावर त्या मला "जय भीम, सर" म्हणायच्या. मी "नमस्कार" म्हणायचो. इतक्या वर्षांत त्यात बदल करावा असं मला सुचलं नाही. अशा गोष्टी मला आता आठवतात.

मग कॉलनीत सभागृह बांधायला निधी आला. बातमी आणली समितीचे अध्यक्ष तात्यांनी. बैठक माझ्याच ओसरीवर झाली. कॉलनीत कार्यक्रमाला जागा नाही, ही तक्रार खरीच होती. माझ्या मुलीचं लग्न जमत होतं आणि घराजवळ हॉल झाला तर बरं, असं आम्ही नवरा-बायको आधीपासून म्हणत होतो. तात्या म्हणाले, "हॉल दक्षिणेच्या बाजूलाच बसतो. इंजिनिअरनं पाहिलंय. झाडं काढावी लागतील, त्याला इलाज नाही."

कॉलनीचा मंजूर नकाशा माझ्या कपाटात होता. उत्तरेच्या कोपऱ्यात हॉलपुरती जागा रिकामी होती, एक झुडूपही नव्हतं. पण तो कोपरा तात्यांच्या फाटकासमोर येत होता. तिथं त्यांच्या दोन गाड्या उभ्या राहायच्या. हे मला माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय सर, बरोबर ना?"

"इंजिनिअर म्हणतात म्हटल्यावर..." मी म्हणालो.

शिंदे चुळबुळ करत होते. "कौसामावशींना एकदा विचारायला नको का?"

"त्यांना कशाला?" तात्या म्हणाले. "त्या काय प्लॉटधारक आहेत?"

कुलकर्णींनी खाली बघितलं. मी वहीत ठराव लिहिला. 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आणि खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला सचिव केलं होतं. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

जेसीबी आला तो नेमका सोमवारी, सगळे कामाला निघायच्या वेळी. कौसाबाईंना कुणीतरी वस्तीत जाऊन सांगितलं असावं. त्या धापा टाकत आल्या. तोवर बहावे आडवे झाले होते. मी गाडीला किक मारत होतो.

"सर, तुमाला म्हाईत व्हतं?"

"बैठकीत ठरलं, कौसाबाई."

"मला कावून न्हाई बोलवलं?"

"ते... फक्त प्लॉटधारकांची बैठक होती."

त्यांनी मान हलवली, एखादा हिशेब पटल्यासारखी. मग त्या जेसीबीवाल्याकडे गेल्या. "बुडासकट नको काढू बाबा. कमरेएवढं ठेव, फुटंल परत." तो म्हणाला, "मावशी, इथं पाया खांदायचाय." त्यांनी मागं वळून बघितलं. रविवारच्या वर्गातली सगळी माणसं आपापल्या दारात, गॅलरीत उभी होती. एकही खाली आलं नाही. मीही गाडीवरून उतरलो नाही.

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. जेसीबीच्या पुढं पुढं वाकून त्यांनी खुरप्यानं मडकी उकरून काढायला सुरुवात केली. एकेक काढायची, माती झाडायची, कडेला ठेवायची. चालकानं यंत्र थांबवलं तेव्हा म्हणाल्या, "चालू दे तुझं. मडकी तेवढी मपली हायेत." अर्ध्या दिवसात त्यांनी ती दोन-दोन करून ओढ्यापलीकडं नेली. त्यानंतर त्या कॉलनीत आल्या नाहीत. रविवारचा वर्ग कुणी बंद केला नाही, तो भरायचा राहिला एवढंच. वर्ग सुरू झाल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'हरित कॉलनी' ठेवलं होतं, ते अजून तसंच आहे.

पुढं त्या बाजारात कधीमधी दिसायच्या. मी लांबून बघून गल्ली बदलायचो. एकदा समोरासमोरच आलो तर त्यांनी मोगऱ्याची चौकशी केली. मी "बरा आहे" म्हणालो. तो केव्हाच वाळून गेला होता.

गेल्या वर्षी कळलं की त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. मी गेलो. पत्र्याच्या खोलीत खाटेवर त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. लेकीला हाक मारून म्हणाल्या, "सर आलेत बग. चा टाक." मग माझा हात धरून बोलत राहिल्या. "तुमच्या पोरीचा साखरपुडा त्या हॉलात झाला म्हणं. लई चांगलं झालं. लोक मला म्हणत्यात, कॉलनीवाल्यांनी तुला फशिवलं. म्या म्हणते न्हाई, जागाच तेवढी व्हती. दुसरीकडं जागा असती तर सरांनी तसं होऊ दिलं नसतं."

मी तिथंच थांबायला हवं होतं. चहा पिऊन, पायाशी सफरचंदाची पिशवी ठेवून निघायला हवं होतं. पण इतकी वर्षं ते माझ्या आत साचलेलं होतं, आणि आता ही बाई राहणार नाही, मग आपण कुणाला सांगणार, असं वाटलं.

"कौसाबाई," मी म्हणालो, "जागा होती. उत्तरेच्या कोपऱ्यात. नकाशा माझ्याच घरात होता. मी बोललो नाही."

त्यांनी माझा हात सोडला. ओढून घेतला नाही, नुसती बोटं सैल झाली.

"पयल्यापासून म्हाईत व्हतं?"

"हो."

त्यांनी नजर वर पत्र्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग आता कावून सांगितलं, सर?"

उत्तर एवढंच होतं की मला हलकं व्हायचं होतं.

"इलाज नव्हता म्हणून गेली, असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या. "तसं वाटलं की बरं वाटायचं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. लेकीनं चहा आणला. मी तो उभ्यानं, जीभ पोळेपर्यंत घाईनं प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्या गेल्या. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्यात माझंही एक होतं. मी वस्तीत गेलो तेव्हा लेक दाराशी बसली होती. माणसं येत-जात होती. तिनं मला बाजूला बसवलं आणि म्हणाली, "सर, आई रोज कुठल्या तरी झाडाचा विषय काढायची. करंज असा व्हता, लिंब तसा व्हता. तुमी येऊन गेल्यापसून तिनं झाडाचं नावच काढलं न्हाई. काय बोलणं झालं व्हतं तुमचं?"

मी म्हणालो, "काही नाही. तब्येतीची चौकशी केली, तेवढंच."