बातमीची बाही

पेपर विकत घेण्यात आता काही अर्थ उरलाय का, हा विषय कुणी काढला की माझं डोकं फिरतं. कारण नाही म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते. मावशीला किती वेळा म्हटलं असेल, अगं, सगळं फोनवर फुकट मिळतं, रोज रद्दी कशाला विकत घेतेस? ती म्हणायची, "तुझ्या फोनची बाही कापता येते का?" आणि विषय तिथेच संपायचा.

मावशी टेलर. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कटिंगचं टेबल आणि भिंतभर खिळे. सकाळी पेपर आला की ती तो टेबलापाशी उभ्यानेच वाचायची आणि वाचता वाचता त्याच्याशी भांडायची. "खोटारडा मेला," असं ती सहज म्हणून जायची, मग तो बातमीदार असो की पानभर हसणारा पुढारी. वाचून झालं की त्याच पेपरावर खडूने मापं आखून गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं कागदी कटिंग करायची. गल्लीतली निम्मी माणसं त्या खिळ्यांना टांगलेली असत. कुणाची पाठ, कुणाचा गळा, कुणाच्या कोपरावर एखादा मंत्री. पेपर दरवर्षी अरुंद होत गेला आणि पुरुषाच्या शर्टाची पाठ एका पानात मावेनाशी झाली, तेव्हा तिने तो स्वतःचा अपमान मानला होता.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेची बस चालवायचे. इतक्या जपून, की मुलांनी त्यांचं नाव सावकाशकाका ठेवलं होतं. खोकल्याचं औषधसुद्धा चमच्यापेक्षा कमीच घेणारा हा माणूस. एका सकाळी मुलांना आणताना त्यांची साखर एकदम उतरली. डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हटल्यावर त्यांनी बस कडेला घेतली, ती एका भिंतीला घासली आणि थांबली. एकाही पोराला ओरखडा आला नाही. काका मात्र स्टिअरिंगवर कोसळले.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा होता: 'स्कूलबसचा चालक दारूच्या नशेत'. खाली काकांचं पूर्ण नाव. बातमी देणारा हॉस्पिटलकडे फिरकलाही नव्हता. कुणीतरी रस्त्यावर काहीतरी बरळलं असणार आणि याने ते छापून टाकलं. एका फोनने कळलं असतं सगळं, पण तेवढीही तसदी त्याने घेतली नाही.

मावशी कपडे बदलायला हॉस्पिटलमधून घरी आली होती, तेव्हा तिने ते वाचलं. त्या दिवशी ती पेपराशी भांडली नाही. तिने कात्री उचलली आणि त्या पानातून एका गिऱ्हाइकाच्या लहान पोराचा शर्ट कापला. राग आला की कात्री चालवायची, ही तिची जन्माची सवय.

रक्ताच्या तपासणीत दारूचा थेंबही निघाला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी रिपोर्ट पाहिला, मान डोलावली आणि म्हणाल्या की त्यांचा स्वतःचा काकांवर विश्वास आहे, पण पालकांनी बातमी वाचली आहे. पेपराने चूक कबूल केली तरच बस काकांच्या हाती देता येईल.

म्हणून आम्ही दोघी पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थाने फोनवर बातमी काढून आमच्यासमोर धरली. 'स्कूलबसच्या चालकाला भोवळ'. हे बघा, म्हणे, आम्ही दारूचं लिहिलेलंच नाही, मग सुधारणा कशाची करू? माझ्या पायाखालची जमीन सरकली. बातमी तीच, तारीख तीच, फक्त कुणीतरी गुपचूप शब्द बदलले होते. गल्लीभर फिरलेली लिंक उघडली की आता भोवळ दिसायची, पण लोकांच्या डोक्यातली दारू काही उतरली नव्हती. छापील अंक दाखवा म्हटलं, तर फाइल मुख्य कचेरीत असते, लेखी अर्ज करा.

मग आम्ही तो अंक शोधत फिरलो. शेजाऱ्यांनी पेपर कधीच बंद केलेले. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने उरलेले अंक केव्हाच परत पाठवलेले. वाचनालयानेही बंद केलेले, तिथे आता खुर्च्या आणि पंखे तेवढे उरलेत. सगळे माझ्यासारखेच शहाणे. अख्ख्या गल्लीत तो अंक आला होता एकट्या मावशीकडे, आणि तिने त्याचा शर्ट केला होता.

पुढच्या खोलीत आम्ही खिळ्यांवरचं एकेक कटिंग उतरवून पाहिलं. पाठीवर 'स्कूलबसचा' सापडलं आणि बगलेच्या जरा खाली काकांचं नाव. बाहीवर 'चालक दारूच्या'. 'नशेत' कॉलरला गेलं होतं. मावशीने टाचण्यांनी तुकडे जोडले. मथळा सरळ लागला.

तो शर्ट तिने थेट संपादकांच्या टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घसा खाकरला आणि दिलगिरी छापू म्हणाले.

"जिथे छापलंत तिथेच छापा," मावशी म्हणाली. "आणि तेवढंच मोठं."

छापलं त्यांनी. आतल्या पानावर, गादीच्या जाहिरातीखाली, बोटभर. 'संबंधित चालकाने मद्यपान केले नसल्याचे स्पष्ट झाले आहे. दिलगीर आहोत.' बदनामी करताना पूर्ण नाव, आणि माफी मागताना हा माणूस 'संबंधित'! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काकांनी कॉटवर बसून ते दोनदा वाचलं.

"माझं नाव नाही यात," ते एवढंच म्हणाले.

तेच पान घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या की शाळेने पेपर बंद केलाय, तुम्ही लिंक पाठवा, पालकांच्या ग्रुपवर टाकते. लिंक कुठून आणू? फोनवर चूक झालीच नव्हती, तर माफी कुठून असणार? तिथे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही.

मावशीला हे सांगितलं, तर ती तडक कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेली. परत पाठवायला बांधून ठेवलेला गठ्ठा तिने सगळाच्या सगळा विकत घेतला. नवीन वर्ग सुरू व्हायचे होते आणि त्याच शाळेचे युनिफॉर्म तिच्याकडे शिवून पडले होते. एकेक युनिफॉर्म तिने त्या पानात गुंडाळला, दिलगिरी वर येईल असा. मग मापं लिहायची लाल पेन्सिल घेतली, प्रत्येक पुडक्यावर 'संबंधित चालक' खोडलं आणि त्यावर काकांचं पूर्ण नाव लिहिलं. जन्मभर ज्यांना 'अहो' म्हणून हाक मारली, त्यांचं नाव लिहिताना तिचं अक्षर लहान मुलासारखं मोठं मोठं येत होतं.

मी आता रोज पेपर घेते. विश्वास बसला म्हणून नाही. खोटं बोललाच, तर पुरावा हातात असावा म्हणून.

काकांना बस परत मिळाली का, असं लोक विचारतात. मिळाली. पण त्या बोटभर दिलगिरीने नाही, पालकांच्या घरोघरी गेलेल्या त्या पुडक्यांमुळे. पहिलं पुडकं न्यायला एक बाई आल्या होत्या. फोनवर ती बातमी सगळ्यांना पाठवणाऱ्यांत त्याही होत्या. पुडकं पिशवीत टाकून त्या वळल्या, तशी मावशी मशीनवरून उठून दारात उभी राहिली.

"वर काय लिहिलंय ते इथेच वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा. आत ते पडून आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे."

बाईंनी पुडकं बाहेर काढलं आणि वाचलं. नावापाशी त्या अडखळल्या. मावशी दारातून हलली नाही, म्हणून त्यांनी नाव पुन्हा, नीट वाचलं.