चौघी वागियेम

वागियेम जन्मली त्या दिवशी गावात वागेचा, म्हणजे जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या एका वाराचा, बाजार होता, म्हणून ती वागियेम. आईने त्याच्या पुढे किंवा मागे काही जोडलं नाही. जावाच्या खेड्यांत तेव्हा माणसाला एक नाव पुरत असे. आडनाव नव्हतं, बापाचं नाव लावायची रीत नव्हती, आणि कोणाचं काही अडतही नव्हतं. लग्नं जमत, जमिनी विकल्या जात, आणि जो मेला असेल त्यालाच पुरलं जाई.

पुढे ती जोग्या शहरातल्या सरकारी विद्यापीठात शिकवू लागली तेव्हा मुलं तिला ‘बू वागियेम’ म्हणू लागली. बू म्हणजे बाई. तिथे टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळणारीही बू आणि अधिष्ठाताही बू. शब्द फुकट असल्याने सगळ्यांना पुरतो.

तिचं काम सांगायला सोपं, करायला चिवट. पेशीतलं जनुक म्हणजे कचेरीतला मूळ दस्त. तो कपाटातून हलत नाही. कामाला बाहेर पडते ती त्याची नक्कल, म्हणजे आरएनए. पेशी या नकला कापते, जोडते, एकाच दस्ताच्या चार तऱ्हा करते. वर ही नक्कल इतकी नाजूक की बोटाच्या घामानेही खलास. यंत्राला ती सलग वाचता येत नाही. ते लाखो तुकडे वाचून समोर ढीग टाकतं आणि हात झटकतं. डेंगी झालेल्या मुलांच्या रक्तातले असे ढीग घेऊन कोणते तुकडे मुळात एकाच नकलेचे, हे ओळखणारा प्रोग्राम वागियेमने लिहिला. संगणक मागून आणलेला, त्याचं झाकण काढलेलं, आणि समोर टेबलफॅन. तीन वर्षं लागली.

तो पहिला पेपर जपानमधल्या सहकाऱ्याने छापायला पाठवला. अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने होते. त्याने तिची जुनी पत्रं काढून पाहिली. प्रत्येकाखाली ‘बू वागियेम’. सज्जन माणूस. नाव बू, आडनाव वागियेम, असं त्याने भरलं, आणि पेपर तसा छापून आला. सगळा विभाग हसला. ती स्वतःही हसली आणि सगळ्यांना तळलेली केळी खाऊ घातली. पुढच्या पेपरला तिने तो घोळ टाळला. दोन्ही रकान्यांत वागियेम लिहिलं. नंतर एका मासिकाने आपल्या मनाने डब्ल्यू. वागियेम केलं, आणि एका डच मित्राने ‘अनामिक’ या अर्थाने एन. एन. वागियेम. तेवीस वर्षांत अशा चौघी झाल्या आणि चौघींनी मिळून एकतीस पेपर लिहिले.

हसण्याचं बिल चौसष्टाव्या वर्षी आलं. प्राध्यापकपद मिळालं तर सत्तरीपर्यंत नोकरी, नाहीतर मार्चमध्ये पासष्टी आणि घर. मुलांच्या रक्ताचे दोनशे बारा नमुने शीतपेटीत होते, त्यांतले निम्मे वाचायचे राहिलेले. ती गेली की खोली ‘नवकल्पना केंद्रा’ला द्यायची असं ठरलंही होतं. केंद्राची पाटी तयार होती, कल्पना यायची होती.

पडताळणी समितीच्या कारकुनाने, दार्तोने, फाइल उघडली. “बू, तुमच्या अर्जात दुसऱ्या चौघींचे पेपर आलेत.”

“त्या चौघी मीच आहे.”

“असेलही. पण संगणक चार दाखवतो. चौघींची ना-हरकत लागेल. प्रत्येकीच्या पत्रावर वेगळं मुद्रांक तिकीट.”

वागियेम जावाची. राग आला की तिचा आवाज उतरायचा. तिने अगदी हळू आवाजात चार तिकिटं मागितली आणि तिथेच बसून पत्रं लिहायला घेतली. ‘मी, वागियेम वागियेम, जाहीर करते की वागियेम ही मीच असून माझी तिला हरकत नाही.’ खाली सही. मग डब्ल्यू. मग बू. एन. एन.ला समितीनेच माफ केलं, कारण अनामिक व्यक्तीकडून सही घेण्याची तरतूद नव्हती.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांचं बोलावणं आलं. डॉ. सुवांदी शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. फळ्याच्या रंगाचा विद्यार्थ्यांच्या मनावर होणारा परिणाम हा त्यांचा विषय, आणि हिरव्या फळ्यावर त्यांची खुर्ची उभी होती.

“बू, बसा. चहा घ्या,” ते म्हणाले. “एक अडचण आहे. तिन्ही सह्या एकसारख्या आहेत.”

“असणारच, पाक.” पाक म्हणजे तिथला ‘सर’.

“दोघींच्या सारख्या असत्या तर बहिणी म्हणून सोडलं असतं. तिसरीच्याही तशाच म्हटल्यावर बनावट वाटतं. त्यातून ही ‘बू’. बू हे चिनी नाव असू शकतं, असं एका सदस्याचं मत पडलं.”

“मी आत आले तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?”

“कधी?”

“आत्ताच.”

“बू, बसा म्हणालो.”

“मग?”

“ते आदराने म्हणालो.” सुवांदींनी चहात साखर ढवळली. “समिती आदरावर चालत नाही, बू. पुराव्यावर चालते.”

वागियेम हसली. तिथे फार संतापलं की हसतात.

“मार्ग आहे,” ते पुढे झुकले. “‘बू’च्या नावाचा तो एक पेपर सोडून द्या. उरलेल्यांवर तुमचं काम होतंय. एका ओळीचं निवेदन दार्तोने टाइप करून ठेवलंय. ‘सदर पेपर माझा नसून नजरचुकीने अर्जात आला.’ गुरुवारी मंजुरी.”

“उरलेले तीसच्या तीस त्या एकाच्या पोटातून आलेत.”

“आई नसलेली मुलंही जगतातच की.”

निवेदन घेऊन ती प्रयोगशाळेत आली. तिची पीएचडीची विद्यार्थिनी रेत्नो हातमोजे चढवत होती. तिने कागद वाचला आणि परत केला.

“करून टाका सही, बू. तो पेपर कोणाचा ते जगाला माहीत आहे.”

“जगाला माहीत आहे, म्हणून मी नाही म्हणायचं?”

“पाच वर्षं मिळतील. उरलेले एकशे सहा नमुने होतील. ती मुलं आजारी पडली ती काय समितीसाठी?” रेत्नोचे डोळे भरले होते, पण हातमोज्यामुळे तिला ते पुसता येईनात. “एक ओळ तर आहे.”

वागियेमला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. ती टेबलाशी बसली आणि पेपर काढून पहिल्यापासून वाचू लागली. एका दशांश चिन्हाची जागा सोयीने हलवली म्हणून तिने एका हुशार मुलाला वर्षभर मागे ठेवलं होतं. तो रडत म्हणाला होता, एक ठिपका तर आहे, बू. तेव्हा ती म्हणाली होती, खोट्याला माप नसतं. आता मापाची सोय तिला स्वतःसाठी हवी होती. ती पाच वर्षं मिळाली, तरी त्या वर्षांत या खोलीत बसून ती कोणाला काय शिकवणार होती?

आणि सही केली नाही तर नमुने उरणार होते. ते तिला नीट दिसत होतं. म्हणून राग शांत होईना. असा पेच ज्याने मांडला, त्याच्या हातात काय होतं? एक रकाना.

मंगळवारी सकाळी तिने निवेदन दार्तोच्या टेबलावर ठेवलं. ‘नसून’ खोडून ‘असून’ केलं होतं, ‘नजरचुकीने’ खोडून ‘पूर्ण शुद्धीत’, आणि खाली फक्त वागियेम.

दार्तोने ते दोनदा वाचलं. “बू, हे असं चालत नाही. याला अर्ज मागे घेतला असं धरतील.”

“धरू दे.”

“मार्चमध्ये निवृत्ती लागेल.”

“माहीत आहे.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. “मी अजून आवक शिक्का मारलेला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबू का?”

“मार तू शिक्का. माझ्यासमोर मार.”

त्याने मारला.

ती जिना उतरून खाली गेली. रेत्नो टेबल पुसत होती. वागियेमने शीतपेटीची वही उघडली. मार्चपर्यंत एकोणीस आठवडे, एकशे सहा नमुने. आठवड्याला सहा केले तर बसत होतं, पण यंत्र एकदाही बंद पडून चालणार नव्हतं.

“उद्यापासून सकाळी सातला ये,” ती म्हणाली. “आणि झाल्यावर जो पेपर लिहिशील, त्यात माझं नाव एकदाच घाल. आडनावाचा रकाना रिकामा राहू दे. अडवलं तर मला फोन कर. मार्चनंतर मला भांडायला भरपूर वेळ आहे.”

तिने हातमोजे घातले आणि एकशे सातवी नळी बर्फावर काढली.