भात लावणारी अक्का

कालव्याची दुरुस्ती झाल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतंय का, हे विचारून फॉर्म भरायचं काम मला मिळालं होतं. मन्नाएखेळ्ळी गावाच्या पुढे एका शेतात बाया भात लावत होत्या. त्यांतल्या पन्नाशीच्या एका अक्काचा हात सगळ्यांत चपळ होता. डाव्या मुठीत रोपांची जुडी, उजवा अंगठा चिखलात गेला की रोप उभं. मागं सरकताना ती एकदाही वळून पाहत नव्हती.

जेवायला बांधावर बसल्यावर मी विचारलं, "अक्का, आता पाणी आलंय. तुमच्या रानात भात कामून लावत न्हाई?"

"माझ्या रानात पाणी लई हाय, अण्णा," ती भाकरी मोडत म्हणाली. "दोन पुरुष खोल."

मला कळेना. शेजारची बाई हळूच म्हणाली, "तिचं रान धरणात गेलंय. तिथलंच पाणी इकडं यायलंय."

अक्कानं हातातला घास संपवला. मग म्हणाली, "पाणी कमी आलं की हितली लोकं बोंबलतेत. मी म्हणते, सोडा की सगळं. धरण रिकामं झालं तर माझं रान उघडं पडंल. एका दुष्काळात माझ्या विहिरीचं तोंड दिसलं होतं. गावं रडायली होती, अन् मी रोज बघायला जायची."

ती उठून पुन्हा चिखलात उतरली. फॉर्मात 'स्वतःची जमीन' असा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं. ते तिला वाचून दाखवणं माझ्याच्यानं झालं नाही.