पेरलेल्या भातावर जाळ

एका कादंबरीत मी पेरून ठेवलेल्या भाताला आग लावली.

कादंबरी धसईजवळच्या एका शेतकऱ्याने लिहिलेली, त्याची पहिलीच. त्यात राब भाजताना, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा नि शेण पसरून पेटवताना, दोन भाऊ भांडतात. पुढच्या प्रकरणात धाकटा त्याच राखेत एकटा भात पेरतो. मी नोकरी सोडून घरबसल्या कादंबऱ्यांचं संपादन करायला लागलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. काहीतरी हलवल्याशिवाय काम केल्यासारखं वाटायचं नाही. मी ती दोन प्रकरणं उलटी लावली. आधी शांत पेरणी, मग जाळ नि भांडण. यानं ताण कसा वाढतो ते लेखकाला फोनवर अर्धा तास समजावलं. "तुमी म्हणता तर असंल," तो म्हणाला. मला वाटलं, पटलं.

मी खर्डीचा, भातशेतीच्याच घरातला. पण राब भाजायच्या दिवसांत माझी नेहमी परीक्षा असायची. नसली तरी असायची.

शेवटची प्रत मी मोठ्याने वाचतो, डोळ्याला निसटलेलं कानाला सापडतं म्हणून. त्या सकाळी ओटीवर वाचत होतो, आई वाल सोलत होती. भांडण रंगात आलं आणि तिने विचारलं, "पेरलंय ना रे त्यांनी? मग आता जाळतात कशाला?"

मी चार पानं मागे गेलो. पेरलं होतं. मीच पेरलं होतं.

फाइल तीन वाजता छपाईला जाणार होती. शहरातल्या वाचकाला काही कळलं नसतं. लेखकाच्या गावाला मात्र पहिल्या दिवशी कळलं असतं, आणि जन्मभर शेती केलेल्या माणसाला उरलेला जन्म लोकांचं हसू ऐकत काढावा लागला असता. मुखपृष्ठावर नाव त्याचं होतं.

प्रकाशिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हा क्रम लेखकाने मान्य केलाय, बदल हवा तर त्यानेच सांगायला हवं, तीनच्या आत. लेखकाचा फोन बंद. त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं, आज धसईचा बाजार, नवराबायको भेंडी घेऊन गेलेत.

मोटारसायकल काढली. शहापूर, किन्हवली, मुरबाड. वाटेत दोन थापा तयार केल्या आणि त्यातली बरी निवडली. बाजारात तो सापडला तेव्हा अडीच वाजून गेले होते. बायको टोपलीतली जून भेंडी वेगळी काढत होती.

मी म्हणालो, छपाईवाल्यांनी प्रकरणं उलटसुलट लावलीत.

त्याने गिऱ्हाइकाची भेंडी पूर्ण तोलली, पिशवीत घातली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुमीच लावली ना?"

"हो."

"मला तवाच कळलेलं. पण तुमी बोललात, असंच पायजे, नायतर पुस्तक पडंल. मग मी काय बोलणार? पुस्तक व्हायला पायजे होतं मला."

याच्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी माझा फोन लावून दिला. बाईंचा फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला तेव्हा तीनला सात मिनिटं होती. "माझं होतं तसंच ठेवा. आधी राब, मंग पेरणी," एवढंच तो म्हणाला. ठेवते, म्हणाल्या. मी टोपलीशेजारी धुळीतच बसलो.

बाईंनी मग विचारलं, दुसरी कादंबरी याच संपादकाकडे द्यायची का? फोन स्पीकरवर होता, मी जमिनीकडे बघत राहिलो. त्याने बायकोकडे पाहिलं.

तिने मान वर केली नाही. "द्या द्यायची तर. पण शेतातलं सोडून लिवा. पेरलेल्यात बैलबी पाय घालत नाय, आन् हा पेटवून मोकळा."