बारा माणसांचा फोरम

१९९९ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. आता जे सांगतोय ते आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही — मुलानं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या सूनबाईला तर नाहीच. तुम्ही समोर बसलाय असं समजून लिहितो. हसू आलं तर हसा. मलाही लिहिताना येतंय.

मी साताऱ्याकडचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही पुरती नाही. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या आणि शेवटी हमालांच्या टोळीचा मुकादम झालो आणि वय झाल्यावर घरी बसलो. आमच्यात एक रीत होती — एका गाळ्याचा माल एकाच टोळीनं उतरवायचा. मालकानं गुपचूप दुसरी टोळी बोलावली तर तो आमचा अपमान. अशा एका अपमानापायी मी अख्ख्या लाइनीचं काम बंद पाडलं होतं. आता सांगा, असा माणूस कॉम्प्युटरच्या भानगडीत कशाला पडावा? पण पडलो.

खांदेश्वरच्या आमच्या घरात वैशालीनं, म्हणजे सूनबाईनं, कॉम्प्युटर आणला. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं मराठी टायपिंग घरबसल्या. काय खूश होती पोरगी! भाजी फोडणीला टाकून मधेच एक ओळ टाइप करून यायची. मग नवा प्रिंटर आला आणि घोळ झाला. पडद्यावर झकास मराठी, कागदावर नुसत्या चौकटी. उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका कोळी घरची पत्रिका अडकली. विकणारा म्हणाला, इंग्रजी छापतो ना, मग मशीन चांगलं आहे. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो — रविवारपर्यंत मराठी उमटलं नाही, तर हे सगळं खटलं दुकानात परत जाईल. का बोललो? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण बोललो म्हणजे बोललो.

वैशाली म्हणाली, “आबा, टेन्शन नका घेऊ. फोरमवर विचारू.”

सीबीडी बेलापूरला एक सायबर कॅफे होता, तिथं आम्ही दोघं गेलो. चालवणारा नाझीरभाई, उरणकडचा, मोठा बोलका माणूस. फोरम म्हणजे काय ते त्यानं मला एका दमात समजावलं — “आबा, नाका समजा. तुमी काम सांगायचं. ज्याला जमतं तो पुढं येतो.” हे मला पटलं. नाका मला कळतो.

पण नाके दोन निघाले. एक भला मोठा, हजारो माणसं, कॉम्प्युटरचं वाट्टेल ते विचारा. दुसरा लहानसा, मराठी, गुजराती, तमिळ असल्या आपल्या लिप्यांचंच बोलणारा, त्यात नेमानं लिहिणारे फार तर बारा जण. वैशालीचं बोट लहान्यावर. मी खो खो हसलो. बारा माणसांच्यानं ट्रक उतरतो होय? जिथं गर्दी तिथं काम, हे आयुष्यभर बघितलेलं! मोठ्यावर टाक म्हटलं. तिनं टाकलं.

उत्तरं आली की. एक म्हणाला, इंग्रजीत छापा. दुसरा म्हणाला, ही कुठली लिपी? तिसऱ्यानं नियम वाचून या म्हणून दटावलं. मग आमचा प्रश्न दुसऱ्यांच्या प्रश्नांखाली दबत दबत दिसेनासा झाला.

“आबा, तिकडं विचारते ना आता.”

“एकदा टोळी लावली की लावली. दुसरीकडं जायचं नाही.”

“अहो, तिथं कोण रागावणार? त्यांना आपलं नावपण ठाऊक नाही.”

“मला ठाऊक आहे ना माझं!”

शनिवारी सकाळी मी एकटाच बेलापूरला गेलो. नाझीरभाईनं बघितलं मात्र — “काय आबा, टोळी बदलली?” मी म्हटलं, गप टाइप कर. त्यानं लहान्या फोरमवर प्रश्न टाकला. माझा चहा संपतोय तोवर तिकडून तीन उलटे प्रश्न! प्रिंटर कुठला, फॉन्ट कुठला, विंडोज कुठलं? अहो, मला इतका आनंद झाला! माल काय, वजन किती, हे विचारल्याशिवाय खांदा देणारा शहाणा मुकादम असतो का? ही माणसं माझ्या जातकुळीची होती.

पण उत्तरं मला कुठं येत होती? घरी आलो, वैशालीला म्हटलं, प्रिंटरचं नाव-नंबर सगळं कागदावर लिहून दे. तिनं लिहिलं. मग हळूच विचारलं, “परत द्यायचाय म्हणून?” आणि मी — इथं माझा हात थांबतो — मी “बघू” म्हणालो. एक शब्द सांगितला असता तर? नाही सांगितला. तिनं प्रिंटरवरची धूळ पदरानं पुसली, ते मी बघितलं, आणि कागद खिशात घालून परत बेलापूरला निघालो.

दिवेलागणीला उत्तर आलं. मद्रासकडचा कुणी होता, त्याचं तमिळ असंच चौकटींत अडकलं होतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एक खूण करायची — अक्षरं अक्षरं म्हणून पाठवू नका, चित्र म्हणून पाठवा. बस्स! मी नाझीरभाईला उचललाच. अख्खा कॅफे बघत होता. “आबा, सोडा, बरगडी मोडाल!” निघताना तो म्हणाला, “सुनेला सांगा हां, तिचा फोरम बरोबर होता.” हो म्हटलं. घरापर्यंत जवळजवळ नाचत गेलो. सांगायला सगळी संध्याकाळ होती.

पुढं कितीतरी वर्षं वैशाली आपले प्रश्न त्या मोठ्या फोरमवरच टाकत राहिली. दिवस दिवस वाट बघायची. मी बाजूला बसून चहा प्यायचो. ती तिथं का जायची, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

तर त्या रविवारी सकाळी मी शेजारच्या घरांना चहाला बोलावलं. वैशालीच्या खुर्चीत बसलो, पाठ करून आणलेली खूण केली, आणि कागद बाहेर आला — वर गणपती, खाली नवरानवरीची नावं, स्वच्छ मराठी. घर टाळ्यांनी दणाणलं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. “आबा, कुणी सांगितलं हो?” मी कागद सगळ्यांना दाखवत मोठ्यानं म्हणालो, “मोठ्या फोरमनं. तुझ्या बारा जणांच्या भरवशावर राहिलो असतो, तर आज मशीन दुकानात असतं.” सगळे हसले. तीही हसली. मग वाकून माझ्या पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.